मुलीला नर्सिंगला घालताय? आधी रुग्णालय बघून या

आधी विद्यापीठाचं सांगते, कारण आमच्याकडे बहुतेक घरांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली आर्ट्स-कॉमर्स-सायन्सची कॉलेजं त्याच्याकडे, म्हणून नर्सिंगची पदवीही तिथूनच मिळत असेल असं लोक धरून चालतात. तसं नाही. अभिमत विद्यापीठांसारखे काही अपवाद सोडले तर महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगची पदवी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. १९९८ साली ते स्थापन झालं. एमबीबीएस, आयुर्वेद, नर्सिंग सगळं त्याच्याकडेच. म्हणजे आमच्या भागातल्या कॉलेजात शिकलेली मुलगी आणि मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेली मुलगी एकच पेपर सोडवतात आणि एकाच विद्यापीठाचं प्रमाणपत्र घेतात. हे कळलं की "शहरातल्या कॉलेजची डिग्री भारी असते" ही समजूत गळून पडते. मग विचारायचं ते एवढंच की पेपर तोच, डिग्री तीच, तर दोन मुलींत फरक पडतो कुठे?

फरक वॉर्डात पडतो. हे मी अगदी ठामपणे सांगते, कारण नव्याने रुजू झालेल्या मुली मी रोज बघते. मी धुळे जिल्ह्यात सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स आहे. एखादी मुलगी पहिल्याच आठवड्यात लहान बाळाची शीर शोधून सलाईन लावते, तर दुसरीला चार वर्षं शिकूनही ऑक्सिजनचा फ्लोमीटर सिलिंडरला जोडताना घाम फुटतो. दोघींचे मार्क सारखे असतात. पहिलीला शिकताना रुग्ण मिळाले, दुसरीला मिळाले नाहीत.

पण वॉर्डापर्यंत जायच्या आधी कागद बघायचे असतात. कॉलेजची आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव, या तिन्ही गोष्टी ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षाच्या हव्यात. कॉलेजच्या माहितीपत्रकावर छापलेलं धरू नका, त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिल १९४७च्या कायद्याने उभी राहिली. तिच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये संसदेने केला आहे, त्यामुळे पुढे नावं बदललेली दिसतील, पण तपासायची पद्धत तीच. पदवी हातात आली तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होऊन क्रमांक मिळेपर्यंत कुणीही नर्स होत नाही. हा क्रमांक दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावा लागतो.

आपल्याकडे तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या आसपास "एका वर्षात नर्सिंग, शंभर टक्के नोकरी" असे बोर्ड लागलेले असतात. या कोर्सने परिषदेची नोंदणी होत नाही. त्या मुली छोट्या दवाखान्यात पाच-सहा हजारांवर राबतात, लोक त्यांना सिस्टर म्हणतात, आणि दहा वर्षांनीही त्या तिथेच असतात. दहावी-बारावी झालेल्या किती हुशार पोरी यात वाया गेल्या हे आठवलं की मला फार वाईट वाटतं.

दुसरा धोका सीमेपलीकडचा. रावेरहून बऱ्हाणपूर तासाभरावर, शिरपूरहून सेंधवाही तसंच जवळ. एजंट घरी येतो, सीईटी नको म्हणतो, फी हप्त्याने भरा म्हणतो, मुलगी मध्य प्रदेशात दाखल होते. सगळीच कॉलेजं वाईट असतात असं नाही. पण तिथे उच्च न्यायालयाच्या आदेशाने नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी झाली आणि २०२४ मध्ये ६६ कॉलेजं बंद करण्याचे आदेश निघाले. दरम्यान कितीतरी मुलांच्या परीक्षाच वर्षानुवर्षं अडकल्या. आईबापाने कापूस विकून भरलेली फी, आणि पोरगी तीन वर्षं पहिल्या वर्षालाच. दुसऱ्या राज्यात घालायचंच असेल तर वरचे तिन्ही कागद तिथल्या परिषदेकडे स्वतः तपासा, आणि परत आल्यावर महाराष्ट्रात नोंदणी बदलून घ्यावी लागते हेही लक्षात ठेवा.

आता कोर्स कोणता. एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) दोन वर्षांचा, जीएनएम (नर्सिंगची पदविका) तीन वर्षांचा, बी.एस्सी. (पदवी) चार वर्षांचा. माझी वाट लांबची होती. मी जीएनएम केलं, नाशिकला खासगी आयसीयूत काम केलं, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं. त्या वाटेचा मला अभिमान आहे, आयसीयूने मला जे दिलं ते कुठल्या पुस्तकाने दिलं नसतं. तरीही आज बारावी सायन्स झालेल्या मुलीला मी सरळ बी.एस्सी.च सांगते. जीएनएम तीन आणि पोस्ट बेसिक दोन मिळून पाच वर्षं होतात, तिथे हे चारच. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला, म्हणजे नॉरसेटला, बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी मिळताच बसू शकते. जीएनएमवालीला आधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. एम.एस्सी., शिकवण्याची नोकरी, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद, हे सगळे रस्ते पदवीवरून निघतात. बारावी आर्ट्स झालेल्या मुलीला मात्र बी.एस्सी. मिळत नाही, तिने जीएनएम जरूर करावं. त्याला कमी लेखू नका. सरकारी रुग्णालयांतल्या कितीतरी वॉर्डांच्या इन्चार्ज सिस्टर जीएनएमच आहेत आणि त्यांच्या हाताखाली मी शिकले आहे.

बी.एस्सी.ला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, पहिल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षं पूर्ण हवीत. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. शंभर प्रश्न असतात आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी व नर्सिंगची अभिरुची या पाचही भागांना सारखेच वीस-वीस गुण. आपल्याकडची मुलं जीवशास्त्र घासूनपुसून करतात आणि इंग्रजीचे वीस गुण देवावर सोडतात. जीवशास्त्राइतकंच वजन इंग्रजीला आहे, हे मे महिन्यात नाही, डिसेंबरमध्ये कळलं पाहिजे.

फीचं बोलते. खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसते. त्याहून जास्त मागितले तर पावती मागा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एससी-एसटीच्या मुलांना भारत सरकारच्या शिष्यवृत्तीची योजना वेगळी आहेच. पण माफी मिळते ती केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला तरच. संस्थेच्या कोट्यातून घाईने जागा घेतली की गेली. ओळखीतल्या एका घराने हातातली फेरी सोडून "आत्ताच पैसे भरा, जागा संपतील" या फोनवर भरवसा ठेवला आणि चार वर्षांची माफी घालवली. वसतिगृह, मेस, गणवेश, पोस्टिंगला जायची बस, हे मात्र माफीत येत नाही. याचा आकडा प्रवेशाआधी लेखी घ्या. जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास हे दाखले बारावीच्या दिवाळीत काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रावर जी गर्दी होते ती बघितली नसेल तर एकदा बघून या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. २०२४ मध्ये माझ्या भाचीच्या प्रवेशाच्या वेळी भाऊ, ती आणि मी काही कॉलेजं बघायला गेलो. एका ठिकाणी इमारत एवढी देखणी की भाऊ गेटवरच निम्मा पटला. आत कौशल्य प्रयोगशाळा, नवेकोरे पुतळे, बाळंतपणाचा पुतळा, सीपीआरचा पुतळा, सगळं प्लास्टिकच्या वेष्टनात. भाचीने फोटो काढले. मी म्हटलं, रुग्णालय कुठे? शेजारीच होतं. नियमाप्रमाणे बी.एस्सी. कॉलेजला स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय असावं लागतं, आणि खाटा होत्याही. चादरी ताणून घातलेल्या, उशा पांढऱ्याशुभ्र. रुग्ण मात्र बोटावर मोजण्याइतके. सकाळी अकराला, पावसाळ्यात, जेव्हा आमच्या सिव्हिलमध्ये ताप-जुलाबाच्या रुग्णांना पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तिथला मेल वॉर्ड शांत होता. बाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची दोन मुलं भेटली. मी माझी ओळख सांगितली, तेव्हा मोकळेपणाने बोलली. बाळंतपणाच्या केसेस कुठे करता विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागली.

हे का महत्त्वाचं ते नर्सिंग न केलेल्या आईबापांना समजावून सांगायला हवं. आता कोर्स आठ सत्रांचा आहे. पहिल्या सत्रापासून वर्गासोबत वॉर्ड असतो आणि आठवं सत्र पूर्ण इंटर्नशिपचं. केस बुकात ठरावीक बाळंतपणं स्वतःच्या हाताने करून, ठरावीक गरोदर बाया तपासून, त्याची नोंद करून सही घ्यावी लागते. रुग्णच नसतील तर सह्या होतात, बाळंतपणं होत नाहीत. मग तीच मुलगी एका रात्री एखाद्या ग्रामीण रुग्णालयात एकटी ड्युटीवर असते, वार पडलेली नसते, रक्त थांबत नसतं, डॉक्टर पोचायला वीस मिनिटं असतात. त्या वीस मिनिटांत गर्भाशयावर हात कुठे आणि किती जोराने फिरवायचा, ऑक्सिटोसिन कधी द्यायचं, लघवीची पिशवी रिकामी आहे की नाही हे बघायचं, हे पुतळ्यावर शिकलेलं आणि बाईवर शिकलेलं यात जीव जाण्याइतकं अंतर आहे.

खानदेशातल्या सरकारी रुग्णालयात शिकायला जे मिळतं ते मोठ्या शहरातल्या चकचकीत रुग्णालयात मिळत नाही, असं माझं मत आहे. कापसाच्या हंगामात फवारणीचं विष चढलेला माणूस येतो. त्याला अॅट्रोपिन सुरू होतं आणि मग सिस्टरची खरी परीक्षा लागते. दर थोड्या वेळाने डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, तोंडातली लाळ आणि छातीतली घरघर कमी होते का बघायची, नाडी मोजायची, आणि तो अंग टाकून बडबडायला लागला तर डोस जास्त होतोय हे ओळखून डॉक्टरांना सांगायचं. पावसाळ्यात सर्पदंश. मे महिन्यात उष्माघात, भुसावळ-जळगावचा पारा तुम्हाला माहीतच आहे. नंदुरबारकडून सिकल सेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण येतो, सांधे धरून ओरडणारा पंधरा वर्षांचा पोरगा, ज्याला कुणी नाटक करतो म्हणेल, पण त्याला तातडीने पाणी, ऑक्सिजन आणि वेदनाशामक हवं असतं. धडगाव-अक्कलकुव्याची कुपोषित बाळं. हे सगळं शिकताना बघितलेली मुलगी पुढे कुठेही घाबरत नाही.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा मुलींच्या पोस्टिंग कुठे होतात ते आधी विचारा. जिल्हा रुग्णालयाशी किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाशी संलग्नता आहे का? जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे ही सोय आपल्याकडे पूर्वीपेक्षा खूप चांगली झाली आहे. वॉर्डात मुलींसोबत क्लिनिकल इन्स्ट्रक्टर येते की त्यांना नुसतं सोडून देतात? दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, प्रत्यक्षात किती आहेत? मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला कुठे नेतात? राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी, तेव्हा आपल्याकडच्या मुलींना बाहेर जावं लागण्याची तयारी ठेवा. तिथे नेत असतील तर ते कॉलेज गंभीरपणे घेतं असं समजा. आणि प्राचार्यांपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींशी बोला, शिक्षक जवळ नसताना.

दुसऱ्या एका कॉलेजची इमारत जुनी होती, वसतिगृहात खोलीत चौघीजणी, पण तिथल्या मुली रोज सकाळी बसने सिव्हिलला जात होत्या. भावाच्या मनात ते भरेना. भाची मात्र तिथल्या मुलींशी बोलून आली आणि म्हणाली, "फुई, त्या मुलींना सगळं येतं. एकीने मला बीपी घ्यायला शिकवलं."

इंग्रजीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो झाकून उपयोग नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र सगळं इंग्रजीतून येतं. पहिले चार महिने ती रडते. आईबाप फोनवर घाबरतात आणि परत ये म्हणतात. परत बोलवू नका. दुसऱ्या वर्षापर्यंत शब्द ओळखीचे होतात, कारण औषधशास्त्रात, वॉर्डात, केसपेपरवर तेच शब्द रोज भेटतात. मी भाचीला एक सवय लावली. रोज एका रुग्णाची नोंद इंग्रजीत पाच ओळींत लिहायची आणि मोठ्याने वाचायची. तोंडी परीक्षेत त्याचाच उपयोग झाला.

उलट आपल्या पोरींकडे एक भांडवल असतं ज्याची किंमत त्यांना कुणी सांगत नाही. म्हातारी पोट धरून आलेली असते, डॉक्टर नागपूरचा किंवा मुंबईचा, तो विचारतो आणि ती नुसती बघते. आमच्यातली एखादी खाली वाकून विचारते, "काय व्हई राह्यनं, माय?" आणि म्हातारी सगळं सांगते, कालपासून लघवी झाली नाही हेसुद्धा. अहिराणी येणारी, पावरी किंवा भिली समजणारी नर्स म्हणजे निम्मं निदान. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या मुली नर्सिंगला येतात तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद होतो. त्या जे ऐकू शकतात ते आम्हालाही ऐकू येत नाही.

नोकरीचं खरं चित्र सांगते. खासगीत सुरुवात कमी आहे. आमच्या भागात पदवीधर मुलगी दहा ते पंधरा हजारांवर रुजू झाल्याचं मी ओळखीच्या मुलींकडूनच ऐकते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाने नेमलेल्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये मिळावेत, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या ठिकाणी सरकारी नर्सएवढा पगार असावा. शिफारस कागदावर आहे. अंमलबजावणीसाठी नर्सेसच्या संघटना अजून झगडतात आणि त्यांनी झगडत राहावं. रात्रभर व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळणाऱ्या मुलीला शोरूममधल्या मुलीएवढाही पगार नसणं हा अन्याय आहे, आणि तो नशिबाचा नाही, माणसांनी केलेला आहे.

तरीही खासगीतली पहिली दोन वर्षं मी पगारासाठी नाही, आयसीयूसाठी करायला सांगते. पुढची सगळी दारं तिथून उघडतात. राज्य सरकारची अधिपरिचारिका ३५,४०० ते १,१२,४०० या वेतनश्रेणीत येते, वर भत्ते. केंद्राकडे, म्हणजे एम्स, ईएसआयसी, रेल्वे, सातवा स्तर, मूळ वेतन ४४,९०० पासून. भुसावळला रेल्वेचं रुग्णालय आहे, पण तिथलीच जागा मिळेल अशी आशा धरू नका, बदली कुठेही होते. जागा निघायला वेळ लागतो, भरती रखडते, मुली तिशीपर्यंत अभ्यास करत बसतात, हे खरं आहे. म्हणून नोकरी करत करत तयारी करा, घरी बसून नको. हात सुटतो.

समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आपल्या जिल्ह्यांसाठी फार मोलाचं आहे. उपकेंद्रात ती प्रमुख असते. सपाटीला पाच हजार, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. मानधन २५,००० आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत, पण नोकरी कंत्राटी, हा त्यातला काटा. नर्मदेकाठच्या गावांना अजूनही तरंगत्या दवाखान्यातून सेवा जाते, तिथल्या उपकेंद्रात पदवीधर नर्स असणं म्हणजे काय हे सांगायला नको. सिकल सेलची तपासणी, त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असलेल्यांचा पाठपुरावा, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, गरोदर बायांचं हिमोग्लोबिन, सगळं तिच्या हातात. २०२३ च्या जुलैमध्ये सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ते यशस्वी व्हायचं असेल तर या मुलींच्याच हातून होईल.

सैन्यातली वाट फार कमी घरांना माहीत असते. पुण्याच्या एएफएमसीसह सैन्यदलाच्या सहा नर्सिंग कॉलेजांत मिळून २२० जागा, नीटच्या गुणांवर, अविवाहित मुलींसाठी. शिक्षण सरकारी खर्चाने आणि नंतर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी म्हणून नेमणूक. नीट देऊन एमबीबीएस हुकलेली मुलगी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कोचिंगला बसवण्याआधी हा अर्ज भरायला काय हरकत आहे?

परदेशाचं विचारलंत तर, होतं. इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा, इथे संगणकावरची आणि तिकडे गेल्यावर प्रात्यक्षिकाची. अमेरिकेला एनसीएलईएक्स ही परवान्याची परीक्षा. आखाताला डेटाफ्लोची पडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा. जर्मनीला बी-वन, बी-टू पातळीचं जर्मन. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात नर्सिंगही आहे. सगळीकडे अनुभव मागतात, आणि तो कागदावरचा आहे की हातातला हे प्रात्यक्षिकात पाच मिनिटांत कळतं. केरळच्या मुली जगभर गेल्या त्या एकमेकींना वाट दाखवत गेल्या. आपल्याकडून गेलेल्या अजून थोड्या आहेत, म्हणून एजंटांचं फावतं. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी नसलेल्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

मुलग्यांबद्दलही विचारतात. मुलगे येतात, चांगलं काम करतात, अपघात विभागात आणि ऑर्थोमध्ये ब्रदर असला की आम्हाला मोठा आधार असतो. फक्त एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना, हे आधी माहीत असू द्या.

एक बोलणं राहिलं, जे बैठकीत कुणी उघड करत नाही. "रात्रपाळी असते, पुढे स्थळ कसं मिळेल?" माझ्या आईलाही हे ऐकावं लागलं. आज त्याच घरांतले लोक मध्यरात्री मला फोन करतात, आजोबांना छातीत दुखतंय म्हणून. मी त्यांना सगळं नीट सांगते. पण मुलीच्या बापाला एवढंच म्हणते की ज्या घराला तिची रात्रपाळी खुपते ते घर तिच्यासाठी नाहीच. माझ्या सासूबाई शेतातून आलेल्या, शाळेत फारशा न गेलेल्या. माझी रात्रपाळी असली की कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून द्यायच्या आणि पोरांना दुपारी आवाज करू द्यायच्या नाहीत, आई झोपली आहे म्हणून. अशी घरं असतात, खूप असतात.

भाचीने पर्यायांच्या यादीत जुन्या इमारतीचं कॉलेज वर टाकलं. भावाने सही केली पण दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. तिला तेच मिळालं, फीमाफीही झाली. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा भावाच्या सासऱ्यांना साखर कमी झाल्यामुळे घाम सुटला होता. घरचे वारा घालत होते. तिने आधी ते शुद्धीत आहेत, गिळू शकतात हे पाहिलं, मग साखरेचं पाणी पाजलं, ग्लुकोमीटरने मोजलं, पंधरा मिनिटांनी परत मोजलं आणि गोळ्यांची वेळ विचारली. त्यानंतर भाऊ माझ्याशी पूर्ववत बोलू लागला.

आता बापलेकीचा वाद वेगळाच आहे. त्याला तिने आखातात जावं असं वाटतं, तिला धडगावकडे समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचंय. दोघांनाही मी सांगितलंय की इंटर्नशिप संपली की आधी एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात किंवा आयसीयूत दोन वर्षं काढायची. धडगावला जायचं असेल तर प्रसूतिगृह, आखाताला जायचं असेल तर आयसीयू. तिने प्रसूतिगृह म्हटलंय.